प्रती कुणी काढायच्या?

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात राष्ट्रीय शेअर बाजाराचे मुख्यालय आहे. २०१० च्या सुमारास तिथे दलालांना आपले सर्व्हर बाजाराच्या यंत्रणेशेजारीच ठेवण्याची सोय सुरू झाली. को-लोकेशन म्हणतात ती हीच. आलेली प्रत्येक ऑर्डर, बदललेला प्रत्येक भाव, रद्द झालेला प्रत्येक सौदा या सर्व्हरांना तत्काळ कळे. 'टिक बाय टिक' नावाचा हा माहितीचा प्रवाह सुरुवातीला टीसीपीवरून, म्हणजे दर ग्राहकाशी स्वतंत्र जोडणी करून पाठवला जाई. जोडण्या स्वतंत्र, त्यामुळे प्रतीही स्वतंत्र. आणि प्रती एकीमागून एक निघणार म्हटल्यावर कुणाला तरी पहिली मिळणार, कुणाला तरी शेवटची. सकाळी ज्याचा सर्व्हर आधी जोडला गेला, त्याचा नंबर पुढे.

पुढचा इतिहास वर्तमानपत्रांतून गाजला. सेबीने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात बाजाराला ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरायला सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणाने ती वसुली रद्द केली. कायद्याच्या अंगाने या प्रकरणावर पुष्कळ लिहिले गेले. तांत्रिक अंगाने त्यातली गोष्ट एका वाक्याची आहे: २०१४ पासून बाजाराने हा प्रवाह मल्टिकास्टवर नेला. सर्व्हरने पॅकेट एकदाच सोडायचे आणि त्याच्या प्रती वाटेतल्या स्विचने काढायच्या. स्विचमधली चिप हे काम सर्व दारांवर जवळजवळ एकाच क्षणी करते, त्यामुळे सकाळी लवकर उठून रांग लावण्यात अर्थ उरला नाही.

हीच यंत्रणा उद्या एखाद्या क्लाउडमध्ये हलवायची ठरली तर? क्लाउडमधल्या ग्राहकाला दिसणारे नेटवर्क आभासी असते. खऱ्या तारा, खरे स्विच खाली. त्यांच्यावर सॉफ्टवेअरने रचलेले दुसरे नेटवर्क वर. वरच्याला ओव्हरले म्हणतात, खालच्याला अंडरले. वरच्या नेटवर्कात कुणी मल्टिकास्ट पॅकेट सोडले, तर बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक गोष्ट घडते. ते गुपचूप टाकून दिले जाते, नाहीतर एखादे सॉफ्टवेअर त्याच्या प्रती काढून एकीमागून एक पाठवत बसते. म्हणजे फिरून तीच रांग.

आभासी नेटवर्कातले मल्टिकास्ट हा विषय असा आहे. बाहेरून तो पत्त्यांचा, प्रोटोकॉलांचा आणि आद्याक्षरांचा गुंता दिसतो, आणि त्यावरचे बहुतेक लेखन आद्याक्षरांपासूनच सुरू होते. आत मात्र एकच प्रश्न आहे. एकाचे म्हणणे अनेकांपर्यंत पोचवायचे तर कुठेतरी प्रती काढाव्याच लागतात. ते कष्ट कुणाच्या गळ्यात घालायचे? पाठवणाऱ्याच्या, वाटेतल्या स्विचच्या, की मध्ये नेमलेल्या तिसऱ्याच कुणाच्या? गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या प्रश्नाची उत्तरे बदलत गेली, आणि दर उत्तराने कुणाचा तरी भार हलका करून तो दुसऱ्यावर टाकला.

मूळ कल्पना स्टीव्ह डीअरिंग यांची. १९८० च्या दशकात ते स्टॅनफर्डमध्ये डेव्हिड चेरिटन यांच्याबरोबर काम करत होते. एका स्थानिक नेटवर्कातल्या यंत्रांना एकदम हाक मारणे इथरनेटवर सोपे होते. मध्ये राऊटर आला की हाक तिथेच थांबे. ती राऊटरपलीकडे कशी न्यायची, यावर डीअरिंग यांनी जे उत्तर काढले ते ऑगस्ट १९८९ मध्ये आरएफसी १११२ या दस्तऐवजात प्रसिद्ध झाले. २२४.०.०.० पासून २३९.२५५.२५५.२५५ पर्यंतचे पत्ते कुठल्याच यंत्राचे नाहीत, ते ग्रुपचे आहेत. ज्याला ऐकायचे आहे त्याने आपल्या राऊटरला आयजीएमपी नावाच्या छोट्या संदेशाने कळवायचे की मी या ग्रुपात आहे. पाठवणाऱ्याला श्रोते कोण, किती, कुठे, याचा पत्ता नसतो आणि गरजही नसते.

पुण्यात छापलेले वर्तमानपत्र भोरला जाते तेव्हा दर वाचकामागे वेगळी गाडी निघत नाही. गठ्ठा एकच निघतो, स्टँडवर सुटतो आणि तिथून पोरे सायकलवरून गल्लोगल्ली अंक टाकतात. प्रत जितकी उशिरा, जितकी वाचकाच्या जवळ सुटी होईल तितका रस्ता मोकळा. डीअरिंग यांच्या योजनेत राऊटर हे काम करतात: जिथे वाटा फुटतात तिथेच प्रत निघते, आधी नाही.

याच काळातली एक हकिकत नेटवर्कच्या जुन्या पुस्तकांत सांगितली जाते. ग्रुपच्या पत्त्यातले २८ बिट वेगवेगळे असू शकतात. ते सगळे इथरनेटच्या पत्त्यात उतरवायचे तर आयईईई या संस्थेकडून इथरनेट पत्त्यांचे सोळा गट विकत घ्यावे लागले असते. एकेकाची किंमत होती हजार डॉलर. इंटरनेटचे पत्ते-क्रमांक सांभाळणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी एकच गट घेतला आणि त्यातलाही अर्धाच या कामाला दिला. परिणाम असा की २८ पैकी २३ बिटच उतरतात आणि बत्तीस वेगवेगळ्या ग्रुपांना इथरनेटवर एकच पत्ता मिळतो. २२४.१.१.१ ऐकणाऱ्या यंत्राच्या दारात २२५.१.१.१ चा मालही येऊन पडतो. तो उचलून फेकण्याचे काम त्या यंत्राचे. ही काटकसर आजही दर नेटवर्क कार्डात जिवंत आहे. पत्ते कमी पडले की वाटून घ्यायचे आणि नको असलेला माल श्रोत्याने निमूट फेकायचा, हा प्रकार पुढे आभासी नेटवर्कात फार मोठ्या प्रमाणावर परत येतो.

योजना कागदावर आली, पण जगातल्या राऊटरांना ती येत नव्हती. मग संशोधकांनी एक युक्ती केली. मल्टिकास्ट समजणाऱ्या काही संगणकांची बेटे तयार केली आणि मधल्या अडाणी राऊटरांतून मल्टिकास्ट पॅकेट साध्या पॅकेटच्या पोटात घालून पलीकडे नेले. या टनेलांच्या जाळ्याला एमबोन हे नाव पडले. मार्च १९९२ मध्ये सॅन डिएगोला भरलेल्या, इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेच्या बैठकीतला आवाज त्यावरून वीस ठिकाणी ऐकला गेला. १८ नोव्हेंबर १९९४ रोजी डॅलसमधल्या रोलिंग स्टोन्सच्या जलशाची वीसेक मिनिटे एमबोनवर गेली. झेरॉक्स पार्क आणि आजूबाजूच्या प्रयोगशाळांतल्या संगणकतज्ज्ञांचा 'सिव्हिअर टायर डॅमेज' नावाचा बँड त्याआधी सुमारे दीड वर्ष, जून १९९३ मध्येच, एमबोनवर वाजला होता. त्या मंडळींनी स्टोन्सच्या आधी त्याच जाळ्यावर आगंतुकासारखे आपले वादन सुरू करून टाकले. मल्टिकास्टमध्ये कुणीही कुठल्याही ग्रुपला पाठवू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण नाही. सुरक्षेची काळजी वाहणाऱ्यांना त्यात गंमत दिसणार नाही, हेही खरे.

या सगळ्यात एक उलटी गंमत दडलेली आहे. एमबोन हेही ओव्हरलेच होते. मल्टिकास्टचा पहिला मोठा प्रयोग झाला तो आभासी नेटवर्कावर, खालच्या नेटवर्काला मल्टिकास्ट येत नव्हते म्हणून. वीस वर्षांनी डेटा सेंटरमधले ओव्हरले जन्माला आले, तेव्हा त्यांनी नेमकी उलट मागणी केली.

खुल्या इंटरनेटवर मल्टिकास्ट रुजले नाही. प्रत्येक राऊटरने दर ग्रुपची नोंद ठेवायची, पण त्याचे पैसे कुणी कुणाला द्यायचे हे ठरेना. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सीमा ओलांडताना बिघाड शोधणे जिकिरीचे. शिवाय ज्याला चित्रपट मधूनच बघायचा आहे किंवा थांबवायचा आहे, त्याला एकाच वेळी सर्वांना जाणाऱ्या प्रवाहाचा उपयोग नाही. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते, आणि त्या दर प्रेक्षकाला स्वतंत्र प्रत गेली. प्रती काढणारे सर्व्हर गावोगावी पेरून ठेवले की असे करता येते. महाग पडते, पण हिशेब सरळ असतो. शेअर बाजार, केबलऐवजी इंटरनेटवरून टीव्ही देणाऱ्या कंपन्या, दूरचित्रवाणीचे स्टुडिओ, लष्कर अशा एकाच मालकाच्या कुंपणातल्या जागी मात्र मल्टिकास्ट टिकले आणि चांगले टिकले.

डेटा सेंटरमध्ये ते आले वेगळ्याच दाराने. एका सर्व्हरवर पंधरा-वीस व्हर्च्युअल मशीन चालू लागल्या, त्या चालू असतानाच एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता येऊ लागल्या, आणि शेकडो ग्राहक एकाच इमारतीत नांदू लागले. प्रत्येक ग्राहकाला वाटले पाहिजे की हे नेटवर्क आपल्या एकट्याचे. एकाच इथरनेटचे वेगळे भाग पाडणाऱ्या व्हीलॅनने हे करायचे तर त्याच्या क्रमांकाला १२ बिट, म्हणजे वापरता येण्याजोगे ४,०९४ क्रमांक. मोठ्या क्लाउडला ते सकाळच्या चहापर्यंतही पुरत नाहीत. ऑगस्ट २०११ मध्ये व्हीएमवेअर, सिस्को आदी कंपन्यांनी मिळून व्हीएक्सलॅन जाहीर केले. ऑगस्ट २०१४ मध्ये ते आरएफसी ७३४८ म्हणून छापले गेले. त्यात क्रमांकाला २४ बिट आहेत, म्हणजे एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक वेगळी नेटवर्के. ग्राहकाची इथरनेट फ्रेम जशीच्या तशी उचलायची, तिला यूडीपीच्या आवरणात घालायचे, ४७८९ क्रमांकाच्या पोर्टकडे रवाना करायचे. हे आवरण चढवणाऱ्या आणि उतरवणाऱ्या टोकाला व्हीटेप म्हणतात. आवरणाने फ्रेम ५० बाइटने फुगते, म्हणून खालच्या नेटवर्कावरची पॅकेटची मर्यादा वाढवून ठेवावी लागते. हे जो विसरतो त्याचे छोटे संदेश जातात, मोठ्या फायली अडकतात, आणि तो दोन दिवस भलतीकडेच शोधत राहतो.

आता एक साधा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. १०.१.१.५ या पत्त्याच्या मशीनला १०.१.१.९ शी बोलायचे आहे. ती इथरनेटच्या जुन्या रीतीने ओरडून विचारते, '१०.१.१.९ कोण?' हा प्रश्न सर्वांसाठी आहे. तो व्हीटेपच्या हातात पडतो, आणि १०.१.१.९ ही मशीन कुठल्या सर्व्हरवर आहे हे व्हीटेपला ठाऊक नाही. व्हीएक्सलॅनच्या मूळ रचनेत याचे उत्तर होते मल्टिकास्ट. दर आभासी नेटवर्काला खालच्या नेटवर्कावरचा एक ग्रुप, समजा २३९.१.१.१, नेमून द्यायचा. त्या नेटवर्कातल्या मशीन ज्या ज्या सर्व्हरवर असतील तिथल्या व्हीटेपांनी त्या ग्रुपात सामील व्हायचे. प्रश्न ग्रुपला पाठवला जातो, सर्व व्हीटेपांना मिळतो, ते आपापल्या मशीनना विचारतात, जिचा पत्ता असेल ती उत्तर देते. उत्तर येताना व्हीटेप शिकतो की ही मशीन अमुक सर्व्हरमागे आहे. पुढचे बोलणे मग थेट.

रचना देखणी होती. पण नेटवर्क चालवणाऱ्यांनी ती पाहून हात जोडले. खालच्या नेटवर्कावर मल्टिकास्ट चालवायचे म्हणजे पिम हा प्रोटोकॉल सगळ्या राऊटरांवर बसवायचा, पाठवणारे आणि श्रोते यांची गाठ घालून देणारा रान्देव्हू पॉइंट नेमायचा, तो बंद पडला तर दुसरा तयार ठेवायचा, आणि रात्री दोनला काही बिघडले तर ते शोधू शकणारा माणूस पदरी बाळगायचा. स्विचच्या चिपमध्ये मल्टिकास्ट ग्रुपांसाठी जागाही मोजकी, काही हजारांच्या घरात. आभासी नेटवर्के मात्र कोट्यवधी होऊ शकतात. मग अनेक आभासी नेटवर्कांना एकच ग्रुप वाटून द्यायचा. डीअरिंग यांच्या बत्तीस ग्रुपांची गोष्ट इथे परत आली: एका ग्राहकाची हाक ज्यांचा तिच्याशी संबंधच नाही अशा सर्व्हरांवर जाते आणि तिथे फेकली जाते. माल चुकीच्या हाती पडत नाही, पण वाहतुकीचा खर्च होतोच.

म्हणून बहुतेकांनी दुसरी वाट धरली. खाली मल्टिकास्ट नकोच. पाठवणाऱ्या व्हीटेपनेच प्रती काढायच्या. हेड-एंड रेप्लिकेशन, किंवा इंग्रेस रेप्लिकेशन. लिनक्सवर हे फार उघडपणे दिसते. व्हीएक्सलॅनच्या नोंदवहीत ००:००:००:००:००:०० या सर्वशून्य पत्त्यासमोर पलीकडच्या एकेका व्हीटेपची ओळ घालायची. ज्या पॅकेटचा ठाव माहीत नाही ते या यादीतल्या प्रत्येकाला एकेक करून जाते. यादी छोटी असेल तर याच्याइतकी सोपी, समजायला सरळ आणि दुरुस्तीला सोयीची व्यवस्था नाही.

यादी वाढली की आकडे बोलू लागतात. समजा ६४ सर्व्हर आहेत आणि एका मशीनमधून २० मेगाबिटचा व्हिडिओ बाकी सर्वांकडे जायचा आहे. हेड-एंड पद्धतीत ६३ प्रती निघतात; सर्व्हरच्या तारेवर १.२६ गिगाबिट. तार १० गिगाबिटची असेल तर एका प्रवाहाने तिचा आठवा हिस्सा खाल्ला. असे आठ प्रवाह एका सर्व्हरवर आले की तार तुंबली, खालचे नेटवर्क रिकामे पडलेले असतानासुद्धा. आणि वेळेचे काय? १,००० बाइटचे पॅकेट १० गिगाबिटच्या तारेवर चढायला ०.८ मायक्रोसेकंद लागतो. म्हणजे पहिल्या आणि त्रेसष्टाव्या प्रतीत सुमारे ५० मायक्रोसेकंदांचे अंतर, तेही सॉफ्टवेअरने अजिबात वेळ घेतला नाही असे धरून. व्हिडिओ पाहणाऱ्याला हे जाणवणार नाही. शेअर बाजारातल्या संगणकांना पन्नास मायक्रोसेकंदांत निर्णय घेऊन ऑर्डर लावून मोकळे होता येते.

मधला मार्गही निघाला. व्हीएमवेअरच्या एनएसएक्समध्ये दुसऱ्या रॅककडे एकच प्रत पाठवायची आणि तिथल्या एका नेमलेल्या सर्व्हरने ती आपल्या शेजाऱ्यांना वाटायची, अशी सोय आहे. भोरच्या स्टँडवर गठ्ठा सोडण्याचाच हा प्रकार. फक्त सोडणारा तिथलाच एक रहिवासी.

ओरडून विचारायची गरजच कमी केली तर? ईव्हीपीएनने हे केले. फेब्रुवारी २०१५ चा आरएफसी ७४३२ आणि व्हीएक्सलॅनसारख्या ओव्हरलेंसाठीचा मार्च २०१८ चा आरएफसी ८३६५ यांनी बीजीपी या जुन्या, भरवशाच्या प्रोटोकॉलवर मशीनचे पत्ते वाहून न्यायची रीत घालून दिली. नवी मशीन उभी राहिली की तिचा व्हीटेप सर्वांना कळवतो: ही माझ्यामागे आहे. मग '१०.१.१.९ कोण?' या प्रश्नाला जवळचा व्हीटेपच परस्पर उत्तर देतो आणि हाक दारातच विरते. ज्यांची नेटवर्के या एका सवयीमुळे गजबजली होती त्यांना हायसे वाटले, आणि मल्टिकास्टचा प्रश्न सुटला असा एक समज पसरला.

तो समज चुकीचा आहे. ईव्हीपीएनने सोडवला तो पत्ते शोधण्याचा गोंगाट. ग्राहकाच्या स्वतःच्या प्रोग्रामने जाणूनबुजून सोडलेले मल्टिकास्ट, म्हणजे कॅमेऱ्याचा प्रवाह, बाजारभाव, सर्व्हरांची एकमेकांना हजेरी, याला परस्पर उत्तर देता येत नाही. ते पोचवावेच लागते. या दोन गोष्टी एकाच पोत्यात घातल्यामुळे या विषयावरच्या अर्ध्या चर्चा भरकटतात.

खरी अडचण आवरणात आहे. साध्या नेटवर्कात स्विच श्रोत्यांचे आयजीएमपी संदेश चोरून ऐकतो आणि ज्या दारामागे श्रोता आहे तिकडेच माल सोडतो. याला स्नूपिंग म्हणतात. ओव्हरलेमध्ये तो संदेश यूडीपीच्या पोटात असतो. खालच्या स्विचला दिसते ते एवढेच की या सर्व्हरकडून त्या सर्व्हरकडे काहीतरी चालले आहे. त्यामुळे कोण ऐकते आहे याचे ज्ञान टोकाच्या व्हीटेपलाच, आणि प्रती काढायची उत्तम सोय मधल्या स्विचकडे. ज्याला माहीत आहे त्याच्याकडे हत्यार नाही, हत्यार आहे त्याला माहिती नाही.

स्नूपिंगची एक खोड इथे जास्तच छळते. श्रोता अजून आहे का, हे विचारणारा कुणीतरी नेटवर्कात लागतो. त्याला क्वेरिअर म्हणतात आणि तो साधारण दर १२५ सेकंदांनी हजेरी घेतो. क्वेरिअरच नसेल तर सुरुवातीला सगळे छान चालते, कारण श्रोत्याने सामील होतानाच एकदा कळवलेले असते. मग २६० सेकंद उलटतात, स्विच ती नोंद शिळी समजून पुसतो आणि चित्र थांबते. प्रोग्राम पुन्हा सुरू केला की पुन्हा चार मिनिटे वीस सेकंद सगळे आलबेल. चाचणी तीन मिनिटांची घेतली तर दोष सापडणारच नाही. आभासी नेटवर्कात राऊटर बहुतेक वेळा प्रत्येक सर्व्हरवर वाटलेला असतो, आणि हजेरी कुणी घ्यायची हे ठरवायचे राहून जाते. 'चार मिनिटांनी बंद पडते' अशी तक्रार आली की जाणकार माणूस आधी क्वेरिअर शोधतो.

व्हीटेपांकडचे हे ज्ञान एकमेकांना कळवायची रीत जून २०२२ च्या आरएफसी ९२५१ ने दिली. व्हीटेप आपल्या मशीनचे आयजीएमपी संदेश ऐकतो आणि बीजीपीवरून जाहीर करतो की माझ्याकडे अमुक ग्रुपचा श्रोता आहे. मग ६३ प्रतींऐवजी ज्या पाच सर्व्हरांवर श्रोते आहेत तिथे पाचच जातात. मे २०२४ च्या आरएफसी ९५७४ मध्ये प्रती काढायला ताकदवान मदतनीस नेमण्याची पद्धत बांधली गेली, तर त्याच वर्षी ऑगस्टमधल्या आरएफसी ९६२५ ने एका ग्राहकाच्या निरनिराळ्या उपनेटवर्कांत मल्टिकास्ट आडवळणे न घेता कसे न्यायचे ते सांगितले. तारखा बघण्यासारख्या आहेत. व्हीएक्सलॅन २०११ चे. त्यावर ग्राहकाचे मल्टिकास्ट नीट चालवायचे नियम पूर्ण व्हायला तेरा वर्षे लागली. या सर्व पर्यायांचा नकाशा आधीच, जानेवारी २०१८ मध्ये, आरएफसी ८२९३ ने मांडून ठेवला होता: पाठिंबाच न देणे, उगमाशी प्रती काढणे, मध्ये सेवक नेमणे, खालचे मल्टिकास्ट वापरणे. नवख्या वाचकाने सुरुवात करावी ती याच दस्तऐवजापासून. तो छोटा आहे आणि कुणाचे उत्पादन खपवत नाही.

मोठ्या क्लाउड कंपन्यांनी बराच काळ पहिला पर्याय निवडला. अॅमेझॉनच्या व्हीपीसी या आभासी नेटवर्कात मल्टिकास्ट नव्हते; डिसेंबर २०१९ मध्ये ट्रान्झिट गेटवेमार्फत ते देण्यात आले. मायक्रोसॉफ्टच्या अॅझुरने आपल्या आभासी नेटवर्कात मल्टिकास्ट आणि ब्रॉडकास्ट चालत नाही असे सरळ लिहून ठेवले. कंपन्यांची बाजू समजण्यासारखी आहे. एका ग्राहकाच्या एका पॅकेटचे हजार होणार असतील तर ते हजार मोजायचे कसे, आणि खोडसाळ ग्राहकाला आवरायचे कसे? पण या निर्णयाने प्रती काढण्याचे काम नाहीसे झाले नाही, प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या माथी आले. हेझलकास्टसारखे सॉफ्टवेअर आपले सोबती २२४.२.२.३ या ग्रुपवर हाक मारून शोधते. क्लाउडमध्ये त्याला पत्त्यांची यादी हाताने द्यावी लागते किंवा क्लाउडच्याच एखाद्या सेवेला विचारावे लागते. रोबोटसाठीच्या आरओएस २ मधली यंत्रे एकमेकांना २३९.२५५.०.१ वर शोधतात. तोच प्रोग्राम प्रयोगशाळेच्या टेबलावर चालतो आणि कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटिसमध्ये टाकला की मुका होतो, कारण तिथल्या अनेक नेटवर्क प्लगिनांना मल्टिकास्ट ठाऊकच नाही. चूक दाखवणारा संदेशही येत नाही. पॅकेट निघते, कुणाला मिळत नाही, एवढेच.

प्रती काढण्याचे काम पुन्हा हार्डवेअरकडे नेण्याचे प्रयत्नही चालू आहेत. नोव्हेंबर २०१७ च्या आरएफसी ८२७९ मधील बिअर या पद्धतीत राऊटरांनी ग्रुपांच्या नोंदी ठेवायच्याच नाहीत. पॅकेटच्या डोक्यावर बिटांची एक पट्टी असते आणि दर बिट म्हणजे एक मुक्कामाचा राऊटर. २०१९ मध्ये सिगकॉम परिषदेत मांडलेल्या 'एल्मो' या संशोधनाने हीच दिशा क्लाउडसाठी पुढे नेली: २७,००० यंत्रांच्या रचनेत ३२५ बाइटच्या शीर्षात वाटांचा नकाशा बसवून दहा लाख ग्रुप चालवता येतात असे त्यांनी दाखवले. नोव्हेंबर २०२१ मध्ये शिकागोच्या सीएमई या वायदे बाजाराने गुगलशी दहा वर्षांचा करार केला, आणि क्लाउडमध्ये सर्वांना भाव एकाच वेळी कसे द्यायचे हा प्रश्न संशोधकांच्या टेबलावर आला. त्यावरचे काही प्रस्ताव विलक्षण आहेत. घड्याळे अतिसूक्ष्म जुळवायची, प्रती ज्या क्रमाने पोचतील त्या क्रमाने पोचू द्यायच्या, पण ठरलेला क्षण येईपर्यंत कुणीच त्या उघडायच्या नाहीत. रांग टाळता येत नसेल तर दार सर्वांसाठी एकदमच उघडायचे.

यांतले काय निवडावे? शंभराच्या आत सर्व्हर असतील आणि मल्टिकास्ट म्हणजे थोडी हजेरी, थोडी शोधाशोध एवढेच असेल, तर हेड-एंड पद्धत उत्तम. तिला मागासलेली म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. व्हिडिओचे मोठे प्रवाह असतील तर श्रोत्यांची माहिती बीजीपीवर नेणारे ईव्हीपीएन हवे आणि खाली पिम चालवायची तयारीही. जिथे मायक्रोसेकंदाला पैसे पडतात तिथे आजच्या सर्वसामान्य ओव्हरलेवर विसंबणे धाडसाचे आहे. विकणारे काहीही म्हणोत.

पुढची प्रकरणे वाचायला घेण्यापूर्वी वाचकाने एक काम करावे. आपल्या हाताखालच्या एखाद्या सर्व्हरवर टीसीपीडम्प लावावा आणि दहा मिनिटे २२४ ते २३९ ने सुरू होणारे पत्ते तेवढे टिपावेत. २२४.०.०.२५१ वर छपाईयंत्रे आणि टीव्ही आपापली नावे सांगताना दिसतील, २२४.०.०.१८ वर जोडीतला राऊटर आपण जिवंत असल्याचे कळवत असेल, आणि ज्याचा मालक कोण हे कचेरीत कुणालाच सांगता येणार नाही असा एखादा २३९ चा पत्ता हमखास सापडेल. त्याचा मालक शोधावा, आणि त्याच्या प्रती सध्या कोण काढतो आहे तेही. ती यंत्रणा आभासी नेटवर्कावर हलवण्याच्या आधी शोधावा. नंतर तो तक्रार घेऊन स्वतःच येतो, बहुधा चार मिनिटे वीस सेकंदांनी.